१८० आकडे, पण झाडं किती?

पत्र असं आहे:

«मॅडम, मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय वनस्पतीशास्त्र. माझा प्रोजेक्ट देशी बदामाच्या पानांवरच्या पर्णरंध्रांचा आहे. मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गालगतची ६ झाडं आणि आतल्या एका उद्यानातली ६ झाडं घेतली. प्रत्येक झाडाची ५ पानं, प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूचा नेलपॉलिशने ठसा घेतला आणि मायक्रोस्कोपखाली ३ फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) मोजली. दोन्हीकडचे मिळून १८० आकडे झाले. मैत्रिणीने ते सगळे एक्सेलमध्ये टाकून टी-टेस्ट केली, पी ०.००१ पेक्षाही कमी आला. सर म्हणाले, आधी झाडागणिक सरासरी काढ. तशी काढली तर पी ०.०६ येतो! एक सीनियर म्हणतो काय-स्क्वेअर लाव, दुसरी म्हणते मान-व्हिटनी. उद्यानातल्या चौथ्या झाडाचा आकडा फार कमी आहे, ते काढलं तर पी ०.०५ च्या खूप खाली जातो. काढू का? १२ दिवसांत जर्नल द्यायचंय. ०.०६ लिहिलं तर प्रोजेक्ट फुकट जाईल का?
– टी-टेबलात हरवलेली, मुलुंड»

प्रिय मुली,

आधी उत्तरं देते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. तुझ्या दोन पींपैकी खरा ०.०६ चा. (पी म्हणजे खरोखर फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली गेली तर फरक दाखवता आला असं मानायची रूढी आहे.) चौथं झाड काढायचं नाही. काय-स्क्वेअर इथे लागत नाही. मान-व्हिटनी लागते, पण तीही वेगळं काही सांगणार नाही, ते खाली करूनच दाखवते. आणि प्रोजेक्ट फुकट जात नाही. तुझे सर बरोबर आहेत. त्यांनी कारण सांगितलं नसेल किंवा घाईत सांगितलं असेल, म्हणून ते मी सविस्तर सांगते.

समज, तुला शोधायचंय की मुलुंडमधली माणसं तांदूळ महाग घेतात की ठाण्यातली. तू मुलुंडच्या एका चाळीत ६ घरांत गेलीस आणि प्रत्येक घरात त्याच माऊलीला १५ वेळा भाव विचारलास. तुझ्या वहीत ९० ओळी झाल्या. ९० घरांचा सर्व्हे झाला का? घरं ६ च. त्या माऊलीने पंधराव्यांदा सांगितलेला भाव तिच्या पहिल्या उत्तराहून फारसा वेगळा असणारच नव्हता. तुझ्या पानांचंही तेच आहे. एकाच झाडाची पानं एकाच मुळांनी ओढलेल्या पाण्यावर वाढतात, त्यांचा जनुकीय वारसा एकच, त्यांच्यावर पडणारं ऊन एकाच जागेचं. एका झाडाची ५ पानं एकमेकांसारखी असतात, आणि एका पानावरची ३ फील्ड तर आणखीनच सारखी. तुझा प्रश्न आहे «रस्त्यावरची झाडं आणि उद्यानातली झाडं यांत फरक आहे का?» मग मोजायचं एकक झाड. टेस्टला द्यायचे आकडे प्रत्येक बाजूला ६, एकूण १२.

आता पी इतका खाली का गेला ते बघ. टी-टेस्ट दोन सरासऱ्यांमधल्या फरकाला स्टँडर्ड एररने भागते. स्टँडर्ड एरर म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) भागिले आकड्यांच्या संख्येचं वर्गमूळ. संख्या ६ असेल तर तू २.४५ ने भागतेस, ९० असेल तर जवळपास ९.५ ने. भाजक मोठा झाला की एरर चिमुकला होतो, टी फुगतो आणि पी तळाला जातो. झाडांमध्ये काहीच बदललेलं नसतं. एक्सेलला ९० रकाने दिसतात, त्यामागची झाडं दिसत नाहीत. ती फक्त तुलाच ठाऊक असतात, म्हणून हा निर्णय कुठलंही सॉफ्टवेअर तुझ्यासाठी घेऊ शकत नाही.

या चुकीला नाव आहे, स्यूडोरेप्लिकेशन. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८४ साली हा शब्द रूढ केला. त्याने छापून आलेले मैदानी प्रयोग तपासले होते आणि तिथेही ही चूक भरपूर सापडली. तेव्हा तुझ्या मैत्रिणीला कुणी रागावू नये. तिने तेच केलं जे अनुभवी संशोधकांनीही केलेलं आहे.

मीही केलं आहे. एम.एस्सी.ला मी खाडीकाठच्या दोन जागांच्या तिवरांची श्वसनमुळं मोजत होते. ओहोटी साधून गुडघाभर चिखलात उतरायचं, पट्टी लावायची, उंची लिहायची. ४०० मुळं मोजली आणि मला वाटलं, आता माझ्या निष्कर्षाला कोण हलवणार! तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला: «झाडं किती?» प्रत्येक जागेचं एक, एकूण दोन. त्या शांतपणे म्हणाल्या, मग तुझ्याकडे दोन आकडे आहेत. तो क्षण आजही डोळ्यांपुढे आहे. तिवराच्या एकाच झाडाला हजारो श्वसनमुळं असू शकतात. मी वर्षभर तिथेच राहिले असते तरी झाडं दोनच राहिली असती. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारते: तुझ्या वहीतली एक ओळ म्हणजे नक्की काय? झाड, पान, फील्ड, कुंडी, काचेची बशी, की प्राणी? हे उत्तर ठरलं की टेस्ट निवडणं अर्धं संपलेलं असतं.

मग तू मोजलेली १५-१५ फील्ड वाया गेली का? मुळीच नाही. एका झाडाच्या एका पानावर विसंबली असतीस तर ते पान कोवळं निघालं असतं, किंवा ठसा नीट उमटला नसता. १५ फील्डांमुळे प्रत्येक झाडाचा एक आकडा भरवशाचा झाला. पण वेळ मोजकाच असेल तर तो नव्या झाडावर खर्च करावा, जुन्याच झाडाच्या दहाव्या पानावर नाही. पुढच्या बॅचला हे सांग.

आता तुझं गणित. पत्रासोबत पाठवलेल्या झाडागणिक सरासऱ्या मी समजायला सोपं जावं म्हणून पूर्णांकात घेते. रस्ता: १८, २१, १६, २०, १७, २२. उद्यान: २२, २०, २५, १८, २३, २४. रस्त्याची सरासरी १९, उद्यानाची २२, फरक ३. एक्सेल उघडण्याआधी हे आकडे वहीच्या चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी मांड. दोन उभ्या रांगा, १२ ठिपके. दिसेल की उद्यानाचे ठिपके वर सरकलेले आहेत, पण दोन्ही रांगा १८ ते २२ या पट्ट्यात एकमेकींत मिसळतात. निम्मं उत्तर या चित्रातच आहे. पाच मिनिटं लागतात आणि कुणीही करत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

रस्त्याच्या आकड्यांचे सरासरीपासूनचे फरक वर्ग करून बेरीज केलीस तर २८ येते, उद्यानाची ३४. प्रत्येकी ५ ने भाग, म्हणजे ६ वजा १ ने: ५.६ आणि ६.८. यांची वर्गमुळं म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, २.३७ आणि २.६१. कॅल्क्युलेटरवर करत असशील तर एक जागा सांभाळ. त्यात स्टँडर्ड डेव्हिएशनची दोन बटणं असतात, एक संख्येने भागणारं आणि एक संख्या वजा एकने भागणारं. नमुन्यासाठी दुसरं घ्यायचं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, कारण निम्म्या वर्गाने पहिलं बटण दाबलेलं असतं. पुढे ५.६ आणि ६.८ ची बेरीज १२.४, तिला ६ ने भागून २.०६७, वर्गमूळ १.४३८. फरक ३ भागिले १.४३८ म्हणजे टी बरोबर २.०९. डिग्रीज ऑफ फ्रीडम (टेबलात कुठली ओळ बघायची ते ठरवणारा आकडा) ६ अधिक ६ वजा २, म्हणजे १०. टेबलात १० समोर, दुहेरी बाजूच्या (म्हणजे फरक कुठल्याही दिशेने असू शकतो असं धरून) ०.०५ खाली २.२२८ आहे. आपला टी त्याहून कमी. म्हणून पी ०.०५ च्या वर, ०.०६ च्या आसपास. हाताने केलंस की एक्सेल कुठून बोलतंय ते कळतं. एकदाच कर, पण कर.

६ आकडे फारच कमी वाटतात का? टी-टेस्ट जन्मलीच याच अडचणीतून. विल्यम गॉसेट डब्लिनमधल्या गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. जवाच्या आणि हॉप्सच्या चाचण्यांत त्याच्या हाती मोजकेच आकडे यायचे, आणि तेव्हाची पद्धत मोठ्या नमुन्यांसाठीच होती. १९०८ साली त्याने लहान नमुन्यांचं गणित छापलं. कारखान्याचा नियम आडवा येत होता म्हणून स्वतःचं नाव न घालता «स्टुडंट» या नावाने. तुझ्या जर्नलात ज्या टेस्टला तू स्टुडंट्स टी-टेस्ट लिहिणार आहेस, तिच्यातला स्टुडंट हा. टेबलात वरच्या ओळींमधले आकडे मोठे असतात आणि खाली जावं तसे लहान होतात, कारण कमी आकड्यांवर विसंबायचं तर पुरावा जास्त भक्कम मागावा लागतो. त्या टेबलाचा सगळा शहाणपणा इथे आहे.

एक्सेलमध्ये टी-टेस्टचं सूत्र चार गोष्टी मागतं: पहिली रांग, दुसरी रांग, बाजू किती, आणि प्रकार कोणता. बाजू २ लिही. १ लिहिलंस तर पी निम्मा होऊन ०.०३ येईल आणि मोह होईल, पण एक बाजू घेण्याचा हक्क ज्याने मोजण्यापूर्वी लिहून ठेवलं असेल की «रस्त्यावर कमीच असणार, जास्त असली तरी मला त्याचं काही नाही», त्यालाच आहे. तू तसं लिहिलेलं नाहीस. प्रकारात १ म्हणजे जोडीचे आकडे, २ म्हणजे दोन्हीकडचा विखुरलेपणा सारखा मानून, ३ म्हणजे सारखा न मानता. मी ३ घ्यायला सांगते. विखुरलेपणा सारखा असेल तर ३ ने काही बिघडत नाही, वेगळा असेल तर ३ च वाचवतो. वर हाताने केलं ते २ प्रमाणे, पण तुझ्या आकड्यांवर दोन्हींचं उत्तर जवळजवळ एकच येईल.

आता ते चौथं झाड. उद्यानातला १८ काढून मी करून पाहिलं: सरासरी २२.८ होते, फरक ३.८, टी २.८८, आणि ९ डिग्रीजला लागतो २.२६२. म्हणजे निकाल पार उलटा. एका झाडाने सगळा निष्कर्ष फिरतो, हेच तर सांगतंय की १२ झाडांवर किती थोडं सांगता येतं. आकडा काढायला कारण लागतं आणि ते कारण आकडा पाहण्याआधी उभं असावं लागतं: ठसा फाटला होता, पान कीड लागलेलं होतं, फील्ड मोजताना लेन्स चुकीची होती, झाड दुसऱ्याच जातीचं निघालं. «आवडीचा निकाल येत नाही» हे कारण होत नाही. आणि ज्या मापाने उद्यानातला १८ खटकतो त्याच मापाने रस्त्यावरचा २२ ही खटकायला हवा होता. तो तुला खटकला नाही. का, ते तुझं तूच ओळखशील. याच न्यायाने, पी बघून झाला आहे, आता आणखी दोन झाडं मोजू, पुन्हा बघू, मग आणखी दोन, हेही चालत नाही. अशाने कधी ना कधी ०.०५ च्या खाली जाणारच. झाडांची संख्या आधी ठरवायची असते.

मान-व्हिटनीबद्दल तुझ्या सीनियरचं म्हणणं चुकीचं नाही. आकडे फार एकांगी असतील, किंवा मापच क्रमाचं असेल, जसं पानावरच्या डागांना ० ते ५ गुण, तेव्हा ती उत्तम. ती आकड्यांच्या किमतीपेक्षा त्यांच्या क्रमाकडे बघते. तुझ्यावर करू. रस्त्याच्या प्रत्येक झाडासाठी मोज, उद्यानातली किती झाडं त्याच्याहून खाली आहेत, बरोबरी असेल तर अर्धा. १६ साठी ०, १७ साठी ०, १८ साठी अर्धा, २० साठी दीड, २१ साठी २, २२ साठी अडीच. बेरीज ६.५. हा यू. दोन्हीकडे ६ असताना टेबलात ५ आहे. इथे सावध: टीच्या टेबलात आपला आकडा मोठा असावा लागतो, यूच्या टेबलात आपला आकडा टेबलाइतका किंवा त्याहून लहान असावा लागतो. ६.५ हा ५ पेक्षा मोठा, म्हणून फरक ठोसपणे दाखवता येत नाही. दोन्ही टेस्ट एकच बोलतात. जर्नलात एकच घाल, टी. दोन्ही करून सोयीची निवडणं हा तोच चौथं झाड काढण्याचा प्रकार आहे. आणि कुणी म्हणेल, आधी नॉर्मॅलिटी टेस्ट (आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात का ते बघणारी) कर. ६ आकड्यांवरून तीही फार काही ओळखू शकत नाही. तुझे ठिपके दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरलेत, लांब शेपूट कुठे नाही, तेवढं लिहिलंस तर पुरे.

काय-स्क्वेअरवर थोडी जास्त थांबते, कारण मुंबईतल्या कॉलेजांच्या प्रोजेक्टांत सगळ्यात जास्त छळ तिचाच होतो. तुझा सीनियर म्हणाला असेल, पर्णरंध्रं मोजलीच आहेत, मोजणी म्हणजे काय-स्क्वेअर. पण तिला लागते ती वेगळी मोजणी: एकमेकांपासून सुटे असलेले जीव किंवा वस्तू, आणि प्रत्येकाची कुठल्यातरी एकाच खान्यात पडलेली नोंद. बी उगवलं की नाही उगवलं. वाटाणा गोल की सुरकुतलेला. तुझ्याकडे प्रत्येक झाडाची सरासरी आहे, खाने नाहीत.

तिचा अस्सल उपयोग मेंडेलच्या वाटाण्यांवर बघ. १८६६ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे आहेत, एकूण ७३२४. तीनास एक धरलं तर अपेक्षा ५४९३ आणि १८३१. फरक दोन्हीकडे १९. १९ चा वर्ग ३६१, त्याला ५४९३ ने भागून ०.०६६ आणि १८३१ ने भागून ०.१९७, बेरीज ०.२६. खाने दोन, म्हणून डिग्री एक, आणि टेबलातला आकडा ३.८४१. आपला खूप खाली. म्हणजे तीनास एकच्या विरुद्ध काही पुरावा नाही, आणि मेंडेलला हवं होतं ते नेमकं हेच! इथे पी ०.०५ च्या वर असणं हीच आनंदाची बातमी. पी वर गेला की प्रयोग फसला, ही समजूत कुठून येते कोण जाणे. जाता जाता सांगते, मेंडेलचे सगळे प्रयोग मिळून आकडे अपेक्षेच्या फारच जवळ आहेत, योगायोगाने यावेत त्याहून जवळ, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३६ साली दाखवून दिलं आणि त्यावर आजही वाद चालतो. अति गोड निकालाकडेही संशयाने बघता येतं.

दुसरा छळ टक्केवारीचा. मुगाचे २० दाणे साध्या पाण्यात, २० मिठाच्या पाण्यात. साध्यात १२ उगवले, मिठात ८. या मूळ मोजणीवर काय-स्क्वेअर १.६ येतो, ३.८४१ पेक्षा बराच कमी. आता कुणी ६० टक्के आणि ४० टक्के असे आकडे सूत्रात भरले तर तोच प्रयोग ८.० देतो, आणि मीठ गुन्हेगार ठरतं. ४० दाण्यांचे २०० दाणे कागदावरच झाले. काय-स्क्वेअरला नेहमी कच्ची मोजणी द्यायची, आणि अपेक्षित आकडा कुठल्याही खान्यात ५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही.

तुझ्या वर्गातल्या इतरांचेही प्रश्न असतील म्हणून भराभर सांगते. दोन मापं एकमेकांबरोबर चढतात-उतरतात का, जसं वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर ओहोटीच्या रेषेपासूनचं अंतर आणि तिथल्या गोगलगायींची संख्या, तर सहसंबंध: ठिपके सरळ रेषेत असतील तर पिअर्सन, नुसते चढते किंवा उतरते असतील तर स्पिअरमन. १० जोड्यांना स्पिअरमन निदान ०.६४८ लागतो. त्याच मुलांची नाडी जिने चढण्याआधी आणि चढल्यावर मोजली असेल तर जोडीची टी-टेस्ट. इथे साधी टी लावली तर जोडीने दिलेली सगळी माहिती टाकून दिल्यासारखं होतं. तीन किंवा जास्त गट असतील, जसं रस्ता, उद्यान आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, तर तीन वेगवेगळ्या टी-टेस्ट करत बसायचं नाही. प्रत्येक वेळी चुकीची शक्यता ५ टक्के, तीन वेळा मिळून ती जवळपास १४ टक्क्यांवर जाते. तिथे अनोव्हा, म्हणजे सगळ्या गटांची एकदम तुलना करणारी टेस्ट, आणि ती फरक आहे म्हणाली तरच पुढे कोणते गट वेगळे ते सांगणारी टुकीची टेस्ट.

आता तुझा खरा घोर, ०.०६. ही ०.०५ ची रेषा कुठल्या निसर्गनियमातून आलेली नाही. फिशरने १९२० च्या दशकात वीसात एक ही सोयीची हद्द म्हणून सुचवली आणि ती रुळली. पी ०.०६ चा अर्थ एवढाच: खरोखर काही फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी ६ वेळा नुसत्या योगायोगाने दिसला असता. «फरक नाही» असा त्याचा अर्थ होत नाही, आणि «फरक असण्याची शक्यता ९४ टक्के» असा तर मुळीच होत नाही. हे शेवटचं वाक्य मी दर साली किती जर्नलांतून खोडते ते सांगवत नाही.

पी पेक्षा एक गोष्ट जास्त कामाची आहे, ती लिही. २.२२८ ला १.४३८ ने गुण, ३.२ येतात. तुझा फरक ३, म्हणून ९५ टक्के विश्वासाची कक्षा उणे ०.२ ते ६.२. म्हणजे तुझे आकडे सांगतात की उद्यानातल्या झाडांवर दर फील्डमागे पर्णरंध्रं ६ ने जास्त असू शकतील, किंवा अजिबात जास्त नसतील. वाचणाऱ्याला यातून खूप कळतं. जर्नलात असं लिही, इंग्रजीत उतरवून घे: «रस्त्यालगतच्या ६ झाडांवर दर फील्डमागे सरासरी १९.० (स्टँडर्ड डेव्हिएशन २.४) आणि उद्यानातल्या ६ झाडांवर २२.० (२.६) पर्णरंध्रं आढळली. फरक ३.०, ९५ टक्के कक्षा उणे ०.२ ते ६.२, टी २.०९, डिग्रीज ऑफ फ्रीडम १०, पी ०.०६. एवढ्या झाडांवरून फरक ठामपणे दाखवता आला नाही.» आलेखाच्या खांबांवर रेघा काढशील त्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या की एररच्या, ते खाली शब्दांत लिही. एररच्या रेघा आखूड असतात म्हणून छान दिसतात आणि पुष्कळ जण काहीच न सांगता त्याच काढतात.

आणखी एक दुरुस्ती, ती मात्र टेस्टने होत नाही. पत्रासोबत पाठवलेल्या तुझ्या प्रोजेक्टच्या शीर्षकात «वायुप्रदूषणाचा परिणाम» असं आहे. तू एक रस्ता आणि एक उद्यान मोजलंस. त्या दोन जागांत धूर वेगळा आहे, पण पाणी घालणं वेगळं आहे, सावली वेगळी, जमीन वेगळी, झाडांचं वयही कदाचित वेगळं. फरक पक्का सापडला असता तरी तो धुराचाच आहे असं म्हणता आलं नसतं. त्यासाठी पाच-सहा रस्ते आणि पाच-सहा उद्यानं लागली असती, आणि मग एकक झाडही राहिलं नसतं, जागा झाली असती. तेव्हा शीर्षक «मुलुंडमधील रस्त्यालगतच्या व उद्यानातील देशी बदामाच्या पर्णरंध्रांची तुलना» असं कर. कॉलेजात शीर्षक नोंदवलेलं असेल तर सरांना आजच विचार, उद्यावर टाकू नकोस. आणि १८० च्या १८० आकड्यांचा कच्चा तक्ता परिशिष्टात लाव, झाडाचा आणि पानाचा क्रमांक घालून. परीक्षकांनी «झाडं किती?» विचारलं तर त्याच तक्त्यावर बोट ठेवता येईल.

१२ दिवस आहेत, म्हणजे एक रविवार नक्की मोकळा आहे. उद्यानात जा आणि त्या चौथ्या झाडाखाली उभी राहा. ते फाटकाजवळ आहे का, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लागून आहे का, त्याच्या बुंध्याभोवती सिमेंट आहे का, पानं तू उन्हाच्या बाजूची तोडली होतीस की सावलीच्या, बघून ये. मग राहिलेल्या ११ झाडांखालीही तेवढाच वेळ उभी राहा, कारण एकाच झाडाची झडती घेतली तर काही ना काही सापडतंच. जे दिसेल ते निरीक्षणांत तारखेसह लिही, आणि तक्त्यात १८ आहे तिथेच राहू दे.